रोस्टरमध्ये नसलेला अर्धा तास

पहाटे साडेपाच

होस्टेलच्या बाथरूमपुढे बादल्यांची रांग लागलेली असते. बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना साडेसातच्या आत तयार व्हायचं असतं. इस्त्रीचा युनिफॉर्म, अंबाड्यावर जाळी, कापलेली नखं, खिशात डायरी, कात्री, दोन रंगांची पेनं आणि सेकंदकाट्याचं घड्याळ. मी त्यांची क्लिनिकल इन्स्ट्रक्टर. सध्या आमचं पोस्टिंग एका सरकारी रुग्णालयाच्या बर्न्स वॉर्डात, म्हणजे भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात आहे.

हा दिवस त्यांच्यातल्या एकीचा. तिचं नाव इथे नको. वय एकोणीस, गाव मराठवाड्यातलं, वडील कोरडवाहू शेती करणारे. नर्सिंग केलं की नोकरी लागते, या एका भरवशावर घराने तिला एवढ्या लांब पाठवलं. पहाटेचं आणि रात्रीचं जे लिहिते आहे ते तिनेच मला नंतर सांगितलं, आणि लिहायला होकारही दिला.

त्या दिवशी गजर व्हायच्या कितीतरी आधी ती जागी होती. वॉर्डाचा वास नाकातून जात नाही, डोक्यावरून पाणी घेतलं तरी केसांत राहिल्यासारखा वाटतो, असं ती म्हणाली. बर्न्समध्ये काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. मेसमध्ये उपमा होता. तिने ताटलीत घेतला आणि तसाच ठेवला. मैत्रिणीने विचारलं तर म्हणाली, "अ‍ॅसिडिटी झालीय." अलीकडे माझ्या बॅचमध्ये अ‍ॅसिडिटी, डोकेदुखी आणि पाठदुखी इतक्या जणींना झाली आहे की गोळी घेतलीस का असं मी विचारत नाही. झोप लागते का, ते विचारते.

सकाळी आठ

ओव्हर, म्हणजे पाळी सोपवणं. नाइटच्या सिस्टर एकेका बेडपाशी थांबून सांगत जातात, सकाळच्या सिस्टर ऐकत जातात, मुली मागे उभ्या राहून डायरीत उतरवून घेतात. "सात नंबर. साठ टक्के भाजलेली, सहावा दिवस. रात्री १०३ ताप, यूरिन कमी, बीपी पडतंय. सरांना कॉल दिलाय." सात नंबरवर बावीस वर्षांची एक बाई होती. ती दाखल झाल्यापासून तो बेड माझ्या या विद्यार्थिनीकडे होता.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डातही तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. भाजलेल्या रुग्णांचं तर सगळंच जास्त लागतं. त्या सकाळी वॉर्डात बावीस रुग्ण होते आणि स्टाफ सिस्टर दोन. त्यांतल्या एकीचा निम्मा वेळ इंडेंट, औषधांचा हिशेब आणि केसपेपर यांतच जातो. उरलेलं सगळं आठ विद्यार्थिनी ओढतात. कागदावर त्या शिकायला आलेल्या असतात. प्रत्यक्षात टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, स्पंजिंग, भरवणं, लघवी मोजणं, सॅम्पल लॅबला पोचवणं, ट्रॉलीबरोबर एक्स-रेला जाणं, हे त्यांच्या जिवावर चालतं. त्या परीक्षेच्या रजेवर गेल्या की वॉर्डात कशी तारांबळ उडते हे प्रत्येक इन्चार्ज सिस्टरला ठाऊक आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही आणि आजचंही नाही. इझाबेल मेन्झीस या मानसविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास करून १९६० च्या सुमारास जे मांडलं ते वाचताना मला आमचाच वॉर्ड दिसत राहतो. तिथल्या सुमारे सातशे परिचारिकांत पूर्ण प्रशिक्षित दीडशेच्या आसपास, बाकी सगळ्या विद्यार्थिनी. त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश शिक्षण अर्धवट टाकून जात. रुग्णांना नावाने हाक मारायची रीत नव्हती. बेडचा नंबर, आजार, नाहीतर बिघडलेला अवयव, यावरून त्यांची ओळख. मेन्झीस यांच्या मते समोरच्या दुःखाची झळ लागू नये म्हणून रुग्णालयानेच ही आडभिंत बांधलेली असते. झळ त्याने थांबत नाही. कामातलं समाधान मात्र परिचारिकेपर्यंत पोचेनासं होतं.

माझी विद्यार्थिनी पहिले चार दिवस त्या बाईचं नाव डायरीत लिहीत होती. पाचव्या दिवशीच्या पानावर फक्त "बेड ७" आहे. डायऱ्या मी रोज तपासते, त्यामुळे ते माझ्या नजरेला पडलं.

साडेनऊ

ड्रेसिंगची ट्रॉली निघाली की वॉर्डातलं बोलणं बंद होतं. ज्यांचा नंबर यायचा आहे ते आधीच भिंतीकडे तोंड फिरवतात.

जखमेला चिकटलेली जुनी पट्टी सलाईनने भिजवायची, ती सुटेपर्यंत धीर धरायचा, मग हळूहळू उचलायची. मेलेली कातडी काढायची. सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम जाडसर लावायचं, वर गॉज, वर बँडेज. चादर अंगाला टेकू नये म्हणून बेडवर लोखंडी कमान ठेवायची. आधी वेदनाशामक इंजेक्शन दिलेलं असतं, पण मोठ्या जखमेला ते पुरतं असं मी तरी क्वचितच पाहिलं आहे. एका रुग्णाला पाऊण तास सहज लागतो. विद्यार्थिनीचं काम हात-पाय उचलून धरायचं, सलाईन ओतायचं आणि रुग्णाशी बोलत राहायचं.

नर्सिंगला येणाऱ्या मुलींच्या मनात एक चित्र असतं. आपण गेलो की रुग्णाला बरं वाटेल. मेडिसिनच्या वॉर्डात ते बरेचदा खरं ठरतं. इथे तीच मुलगी जवळ आली की रुग्ण आक्रसतो. "सिस्टर, आज नको हो. उद्या करा. पाया पडते." पाया पडते म्हणणारी बाई आपल्या आईच्या वयाची असते, आणि तिचा दंड घट्ट धरून ठेवायचा असतो, कारण हलली तर आणखी दुखेल. एकोणीस वर्षांच्या मुलीने हे एकदा केलं तर ती रात्री मैत्रिणीपाशी रडून मोकळी होते. रोज केलं तर रडणं थांबतं. लोकांना तिथे वाटतं, मुलगी तयार झाली. मला तिथून पुढे काळजी वाटू लागते.

त्या दिवशी तिसऱ्या ड्रेसिंगला ती अकरा नंबरच्या आजींवर खेकसली. "किती ओरडताय? रोजचंच आहे ना!" वॉर्डातल्या मावशी हातातला पोछा थांबवून बघत राहिल्या. ती मुलगी स्वतःच दचकली. मी तिला बाजूला घेऊन ट्रॉलीवर दुसरी मुलगी उभी केली. स्टाफ सिस्टर जाता जाता तिच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "सवय होईल गं. आम्हीपण आधी अशाच होतो."

सिस्टर मायेनेच म्हणाल्या. त्यांना त्यांच्या शिक्षणात कुणीतरी हेच सांगितलेलं होतं. पण माझं मत स्पष्ट आहे. "सवय होईल" हे सांत्वनही नाही आणि शिक्षणही नाही. कॅन्युला कशी लावायची हे आपण आधी पुतळ्यावर शिकवतो, मग देखरेखीखाली करून घेतो, मग सही देतो. दुसऱ्याच्या वेदनेजवळ रोज कसं उभं राहायचं, हे मात्र आपोआप येईल असं धरून चालतो.

साडेअकरा

जेवणाची गाडी. भाजलेल्या शरीराची झीज भरून यायला प्रथिनं फार लागतात, म्हणून दूध, अंडी, डाळीचं पाणी जितकं जाईल तितकं द्यायचं. सात नंबरचे दोन्ही हात बांधलेले, त्यामुळे भरवावं लागे. आईच्या हातून ती नीट खात नसे, कारण आई भरवताना रडायची. या मुलीच्या हातून खायची. वयात तीनच वर्षांचं अंतर. गावची जत्रा, शाळेतल्या बाई, कुठल्या मालिकेत काय झालं, असं दोघी बोलत.

दाखल झाली त्या दिवशी नायब तहसीलदारांनी तिचा जबाब घेतला होता. स्टोव्हचा भडका उडाला, असा. तिसऱ्या दिवशी घास घेता घेता ती माझ्या विद्यार्थिनीला म्हणाली, "स्टोव्ह नव्हता, ताई." मुलीने त्याच मिनिटाला मला सांगितलं, मी इन्चार्ज सिस्टरना, त्यांनी डॉक्टरांना. पुन्हा जबाब झाला. त्या वेळी आम्हाला बाहेर थांबवलं. मुलीने जे करायला हवं होतं ते चोख केलं. पण ते वाक्य ऐकलं तिने एकटीने, आणि ते घेऊन ती होस्टेलला गेली. तिथे वॉर्डातलं काही बोलायचं नसतं, गोपनीयता पाळायची असते. ती पाळायलाच हवी. मग ज्या माणसांपाशी हे बोलता येईल अशी माणसं नेमून देणं कॉलेजचं काम आहे.

त्या सकाळी मात्र सात नंबरने तोंड उघडलं नाही. दुधाचा चमचा ओठांवरून खाली आला.

बारा चाळीस

संसर्ग रक्तात पसरला होता. डॉक्टरांनी, सिस्टरांनी जे करायचं ते केलं. बारा चाळीसला ती गेली.

नंतरची कामं पुस्तकात क्रमवार दिलेली आहेत आणि ती त्या मुलीने क्रमानेच केली. डोळे मिटवले, चेहरा पुसला, जबड्याला पट्टी दिली, पायाचे अंगठे बांधले, नावाची चिठ्ठी लावली, चादर गुंडाळली. मेडिकोलीगल केस, म्हणून चौकीतले पोलीस आले, कागद झाले, मामांनी ट्रॉली शवागाराकडे नेली. दारात आईने मुलीचा हात धरला. "पोरी, तुझ्याच हातनं खायची गं ती." मुलगी काही बोलली नाही. आत येऊन तिने गादी जंतुनाशकाने पुसली, नवी चादर अंथरली, लोखंडी कमान परत बसवली. दीड वाजता कॅज्युअल्टीतून फोन आला आणि सात नंबरला नवा रुग्ण आला.

त्यानंतर मी आठही जणींना लिननच्या खोलीत नेलं. वॉर्डात मृत्यू झाला की मी हे करते. दार लोटून घ्यायचं, चादरींच्या गठ्ठ्यांवर बसायचं. काय झालं ते ज्याला त्याला जसं दिसलं तसं सांगायचं. आपण काय केलं ते सांगायचं. आत्ता मनात काय अडकून आहे ते सांगायचं, नाहीतर गप्प बसलं तरी चालतं. कुणी चूक-बरोबर काढायचं नाही, मार्क नाहीत, लिहून घेणं नाही, आणि "सवय होईल" म्हणायला बंदी. या बॅचमध्ये मुलगे नाहीत. गेल्या बॅचमध्ये होते, आणि त्यांना बोलतं करायला जास्त वेळ लागला होता, कारण ब्रदरने रडायचं नसतं हे त्यांना घरूनच शिकवलेलं.

ती शेवटी बोलली. "मॅडम, मला रडूच आलं नाही. मला फक्त बेड लवकर लावायचा होता. मी वाईट आहे का?"

नाही. या अवस्थेचा अभ्यास झालेला आहे, तिला नाव आहे. कार्ला जॉइन्सन या अमेरिकन परिचारिकेने १९९२ साली त्याबद्दल लिहिलं तेव्हा "कम्पॅशन फटीग" हा शब्दप्रयोग केला. आपण करुणेचा थकवा म्हणू. दुसऱ्याचं दुःख जवळून, पुन्हा पुन्हा पाहून मन बधिर होतं. बर्नआउट त्याच्या शेजारचं, पण वेगळं. ते कामाच्या ओझ्याने, अपुऱ्या माणसांनी, न संपणाऱ्या ड्युट्यांनी हळूहळू येतं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली केली तेव्हा तीन बाजू धरल्या: भावनिक शक्तिपात, माणसांबद्दल कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची नोंद कामाशी निगडित बाब म्हणून केली, आजार म्हणून नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कामातून आलेल्या गोष्टीचा उपाय कामाच्या जागी व्हायला हवा. मुलीला "मनाने खंबीर हो" सांगून तो होणार नाही.

हे सगळं मी गठ्ठ्यावर बसून थोडक्यात सांगितलं. मग तिला म्हटलं, त्या बाईचं नाव सांग. तिने सांगितलं. आणि मग तिला रडू आलं.

हा अर्धा तास कुठल्याही रोस्टरवर नाही. तो मुलींच्या जेवणाच्या सुट्टीतून जातो.

दुपारी अडीच

लेक्चर. व्यावसायिक मूल्यं आणि नीतिशास्त्र हा विषय दुसऱ्याच वर्षाला आहे. निम्मी बॅच पेंगलेली.

पहिल्या वर्षी दिवे लावून घेतलेली शपथ सगळ्यांना पाठ आहे. नाइटिंगेलची शपथ म्हणतात, पण ती नाइटिंगेल बाईंनी लिहिलेली नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये १८९३ साली लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने ती तयार झाली. तिच्यात रुग्णाच्या हिताला वाहून घेण्याचं वचन आहे, परिचारिकेच्या स्वतःच्या प्रकृतीबद्दल अक्षर नाही. डॉक्टरांच्या जिनिव्हा घोषणेत २०१७ साली दुरुस्ती झाली आणि स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचं वचन त्यात घातलं गेलं, कारण त्याशिवाय चांगली सेवा देता येत नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या आचारसंहितेतही परिचारिकेने स्वतःचं आरोग्य जपणं हे कर्तव्य म्हणून आलं आहे. आपल्या दिव्यांच्या समारंभात ते कधी वाचलं जात नाही.

एका मुलीने अरुणा शानबाग या परिचारिकेबद्दल विचारलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला, त्या अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ ला त्यांनी तिथेच प्राण सोडला. मधल्या साडेएक्केचाळीस वर्षांत केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. "मॅडम, एवढी वर्षं त्यांना कसं जमलं?" मी जे मानते ते सांगितलं. कुणा एकीने ते केलं नाही. पाळी संपली की दुसरीने हातात घेतलं, एक पिढी निवृत्त झाली की पुढची उभी राहिली, आणि अरुणा सगळ्यांची आपली होती. इतकी करुणा टिकते ती वाटून घेतल्यामुळे. ती एका मुलीच्या अंगावर टाकून तिला देवी म्हणणं सोपं आहे.

संध्याकाळी सात

घरून फोन. आई रोज याच वेळी करते.

"जेवलीस का?"

"हो."

"ड्युटी कशी झाली?"

"चांगली."

गावात सगळ्यांना अभिमान आहे की मुलगी मोठ्या दवाखान्यात सिस्टर होणार. आईला खरं सांगितलं तर ती परत ये म्हणेल, ही भीती. म्हणून फोनवर रोज सगळं चांगलंच असतं.

रात्री नऊ

केअर प्लॅन. प्रत्येक विद्यार्थिनीने पोस्टिंगमधल्या एका रुग्णाचा पूर्ण आराखडा लिहून द्यायचा असतो. तिने सात नंबरचा घेतला होता आणि अर्धा लिहून झाला होता. तक्त्यात रकाने: निरीक्षण, परिचर्या निदान, उद्दिष्ट, उपाय, कारण, मूल्यमापन. निदानाखाली तीव्र वेदना, शरीरातल्या द्रवाची कमतरता, संसर्गाचा धोका. उद्दिष्टाखाली "रुग्णाला संसर्ग होणार नाही." शेवटच्या रकान्यात काय लिहायचं, यावर ती पाऊण तास बसून राहिली. मैत्रीण म्हणाली, सगळे लिहितात तसं "उद्दिष्ट अंशतः साध्य" लिही, मार्क कापले जात नाहीत.

त्या तक्त्यात मृत्यूला रकाना नाही. रुग्ण शेवटच्या दिवसांत कमी एकटा पडला, कुणाच्या तरी हातून चार घास खाल्ले, खरं सांगायला त्याला एक माणूस मिळालं, हे कुठे लिहायचं? ही त्या बाईची सेवाच होती आणि ती उत्तम झाली होती. आपल्या हातून काही झालं नाही असं त्या मुलीला वाटत होतं, कारण छापील रकान्यांत तिच्या कामाला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिला मूल्यमापनाखाली हे सगळं मराठीत, तिच्या शब्दांत लिहायला लावलं आणि पूर्ण मार्क दिले.

रात्री साडेअकरा

दिवे बंद. खोलीत तिघी, तिघींच्या तोंडावर मोबाइलचा उजेड. ती दीडपर्यंत रील पाहत राहिली. हसायला येत होतं, पण काय पाहिलं ते आठवत नव्हतं.

हे वाचणारी कुणी अशीच जागी असेल तर तिला सांगते. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. झोप उडणं, जेवण न जाणं, रुग्णावर विनाकारण चिडणं, सोमवार जवळ आला की पोटात गोळा येणं, हे आठवड्यांमागून आठवडे चालू असेल तर फोन करायला एवढं कारण पुष्कळ आहे.

पण सगळा भार त्या फोनवरही टाकता येणार नाही. नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांना, मेट्रनना आणि माझ्यासारख्या इन्स्ट्रक्टरना माझी विनंती आहे. विद्यार्थिनींना स्टाफच्या जागी मोजू नका. बर्न्स, कॅन्सर, अतिदक्षता आणि नवजात बालकांच्या कक्षातलं पोस्टिंग सलग लावू नका. आणि ज्या दिवशी वॉर्डात मृत्यू होईल त्या दिवशी विद्यार्थिनींना ड्युटीच्या वेळेतला अर्धा तास, एक बंद दार आणि ऐकणारं एक मोठं माणूस द्या, जेवणाच्या सुट्टीला हात न लावता. याला नवा कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही, पद मंजूर करून घ्यावं लागत नाही. रोस्टरवर एक ओळ आणि खाली मेट्रनची सही पुरते. ती सही करा.